हॉट टबसोबत मिळणारं पाण्याचं किट: आपल्या बोअरच्या पाण्यावर किती चालतं?

नवा हॉट टब घेतला की त्याच्यासोबत एक खोका येतो. आत क्लोरीनचे दाणे, पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क, याचा आकडा) वाढवणारं पीएच प्लस, तो उतरवणारं पीएच मायनस, टेस्ट स्ट्रिपची डबी, फेस मारणारं औषध, क्षार धरून ठेवणारं द्रावण आणि बऱ्याचदा पांढऱ्या गोळ्या भरलेलं एक तरंगतं भांडं. कंपनी कोणतीही असो, ऐवज साधारण हाच. परीक्षण या खोक्याचं आहे. ताडोबा, पेंच, चिखलदरा या बाजूला होमस्टे किंवा शेतातलं घर असलेल्या, बोअर नाहीतर विहिरीच्या पाण्यावर टब चालवणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून ते लिहिलं आहे.

मत आधीच सांगितलेलं बरं. दाणे चांगले, पीएच मायनस अपुरं, पीएच प्लस आपल्याकडे जवळपास बिनकामाचं, स्ट्रिपा कामचलाऊ, आणि गोळ्या टबात टाकूच नयेत. खोका भरणाऱ्याच्या डोळ्यासमोर शहरातल्या नळाचं मऊ पाणी असतं. आपलं बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर सहा महिन्यांत जो पांढरा थर चढतो, तोच टबाच्या हीटरवर आणि जेटच्या तोंडाशी चढणार.

टब भरण्याआधीच पाणी तपासून घ्या. आरओवाले टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात, त्यावर भागवू नका. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. त्यातला कॅल्शियमचा जडपणा किती आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, किती, हे मीटर सांगत नाही. टबाला जडपणा १५० ते २५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम हवी. आपल्याकडच्या खोल बोअरला दोन्ही आकडे ३००च्या वर निघणं नवलाचं नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणी टबात घेऊच नये. तिथे क्लोराइडचं प्रमाण इतकं असतं की हीटरची नळी आतून खाल्ली जाते, आणि खोक्यातल्या कुठल्याही बाटलीत त्यावर इलाज नाही. तिथे नळयोजनेचं पाणी किंवा गोड्या पाण्याचा टँकर हाच मार्ग.

इतर ठिकाणी सोपा उपाय म्हणजे मिसळ. बाराशे लिटरचा टब असेल तर निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं पाणी घ्या, म्हणजे गावातल्या वॉटर एटीएमवरून वीस लिटरच्या ३० कॅन. जडपणा जवळपास अर्ध्यावर येतो. पूर्ण टब आरओच्या पाण्याने भरायचा मोह टाळा. अगदी मऊ पाणी फेस फार करतं आणि धातूच्या भागांना झिजवतं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ असतं. ते आधी टाकीत घेऊन तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणीच टबात सोडा. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीला तांबूस डाग पडतात, त्यात लोह आहे. क्लोरीन पडताच ते पाणी चहासारखं होतं. क्षार धरून ठेवणारं द्रावण इथे खरंच कामाला येतं, म्हणून ते क्लोरीनच्या आधी टाका, तास-दोन तास फिरू द्या. मात्र जड पाणी मऊ करणं त्याच्याच्याने होत नाही. ते क्षार काही आठवडे विरघळलेले ठेवतं, एवढंच.

आता पीएच मायनस. पुडीत असतं सोडियम बायसल्फेट. हजार लिटर पाण्याची अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवायला ते साधारण २५ ग्रॅम लागतं. समजा मिसळ करूनही तुमची अल्कलिनिटी २०० आली आणि ती १०० वर आणायची आहे, तर बाराशे लिटरला ३०० ग्रॅम झालं. निव्वळ बोअरच्या पाण्याने भरलेल्या टबात ३५० वरून खाली यायचं असेल तर ७५० ग्रॅम. पहिल्याच भरणीत पुडी संपते आणि लोकांना वाटतं, माल नकली आहे. माल ठीक असतो, हिशोब दुसऱ्या पाण्याचा असतो. पीएच मायनस पहिल्याच दिवशी किलोभर जास्तीचं मागवून ठेवा.

ते एकदम ओतायचं नाही. हजार लिटरला ५० ग्रॅमपेक्षा जास्त एका वेळी नको. पंप चालू ठेवून, बादलीभर पाण्यात विरघळवून, टबाच्या मधोमध सोडा. पीएच ७.२ च्या आसपास आला की थांबा आणि जेट हवेसकट पूर्ण उघडून झाकण काढून ठेवा. बुडबुड्यांसोबत कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच हळूहळू वर चढतो, पण अल्कलिनिटी खालीच राहते. मग पुन्हा ५० ग्रॅम. जड पाण्याला असे चार-सहा फेरे लागतात, एक-दोन दिवस जातात. घाई केली तर पीएच ६ च्या खाली कोसळतो आणि हीटर, सील, डोळे सगळ्यांवर बेततं. संडास धुण्याचं ॲसिड याला पर्याय म्हणून वापरू नका. त्यात काय काय मिसळलेलं असतं ते बाटलीवर लिहिलेलं नसतं.

पीएच प्लसची पुडी बाजूला ठेवून द्या. ती म्हणजे सोडियम कार्बोनेट, आपला धुण्याचा सोडा. जड पाण्यात टाकला की काही मिनिटांत पाणी दुधासारखं पांढरं होतं, कारण कॅल्शियम बाहेर पडतं. एखाद्या वेळी ॲसिड जास्त पडून अल्कलिनिटी ८० च्या खाली गेलीच, तर खाण्याचा सोडा वापरा: हजार लिटरला १७ ग्रॅम, अल्कलिनिटी १० पीपीएमने वर. क्रमही लक्षात राहू द्या. आधी अल्कलिनिटी, मग पीएच ७.४ ते ७.६ वर, आणि त्यानंतरच क्लोरीन. पीएच ८ च्या वर असेल तर त्याच क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद बरीच कमी होते, आणि गरम पाण्यात थर बसतो तो वेगळाच.

खोक्यातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे दाणे. डब्यावर सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट, म्हणजे डायक्लोर लिहिलेलं आहे आणि क्लोरीन ५६ टक्के आहे, हे बघून घ्या. पाण्यात लगेच विरघळतं, पीएच फारसा हलवत नाही. हजार लिटरमध्ये एक ग्रॅम टाकलं की ०.५६ पीपीएम क्लोरीन वाढतं. बाराशे लिटरच्या टबात शून्यापासून ३ पीपीएमवर यायला साडेसहा ग्रॅम. टबात मोकळं, म्हणजे घाम-तेलाशी बांधलं न गेलेलं, क्लोरीन कायम ३ ते ५ पीपीएम हवं. चमच्याचा भरवसा धरू नका, दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या. टाकताना जेट चालू असू द्या, दाणे तळाशी पडून राहिले तर ॲक्रिलिकवर फिके डाग पडतात. टाकल्यावर वीस मिनिटं झाकण उघडं ठेवा, नाहीतर वाफ झाकणाचा आतला पडदा खाते.

या दाण्यांची एक मर्यादा आहे, आणि ती डब्यावर ठळक लिहायला हवी. प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे पाण्यात ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिड साठत जातं. ते उडून जात नाही. थोडं असलेलं चांगलंच, उन्हात क्लोरीन टिकतं. पण १०० च्या जवळ गेलं की स्ट्रिपवर क्लोरीन दिसतं आणि जंतूंवर त्याचा परिणाम मंद होतो. रोज ५ पीपीएम क्लोरीन वाढेल एवढे दाणे पडत असतील तर तीन-साडेतीन आठवड्यांत तिथे पोचता. उपाय एकच, पाणी बदलणे. त्यामुळे पाहुण्यांचा टब 'तीन महिने पाणी बदलायची गरज नाही' असं विकणारा सांगत असेल, तर तो घरच्या, आठवड्यातून एकदा वापरायच्या टबाबद्दल बोलतोय. सोपा हिशोब असा: टबाचे लिटर भागिले ११, त्याला भागिले रोज बसणारी माणसं, तेवढे दिवस. बाराशे लिटर, रोज चार माणसं, तर २७ दिवस.

तरंगत्या भांड्यातल्या गोळ्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) असतात, ९० टक्के क्लोरीन. पोहण्याच्या तलावाला ठीक. टबाच्या गरम पाण्यात त्या भसाभस विरघळतात, अतिशय आम्लधर्मी असतात, आणि भांडं एका कोपऱ्यात अडकलं तर तिथला ॲक्रिलिक फुगतो. टबासोबत ही वस्तू विकणाऱ्याला ती परत द्या.

मग स्वस्तातला उपाय आठवतो: ग्रामपंचायतीत विहिरीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीला ती योग्यच आहे, पण टबाला नाही. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन ताज्या मालात तेहतीस टक्क्यांच्या आसपास, बाकी चुना. बादलीत कालवून पाहा, तळाला पांढरा गाळ बसतो. तोच चुना आधीच जड असलेल्या पाण्यात आणि हीटरच्या नळीत जाणार. शिवाय टीसीएल आणि वर सांगितलेल्या टीसीसीए गोळ्या एकमेकांना लागल्या तर पेट घेतात, स्फोटही होतो. एकच चमचा दोन्ही डब्यांत घालणंसुद्धा धोक्याचं आहे.

तसंच गावच्या जलसुरक्षकाकडची, क्लोरीन तपासायची ओटीची (ऑर्थोटोलिडिनची) बाटली. पिवळा रंग आला की पाणी बरं, ही सवय पिण्याच्या पाण्याची; तिथे ०.२ पीपीएम पुरतं. ओटी मोकळं आणि बांधलेलं क्लोरीन नीट वेगळं करत नाही. टबात फरक नेमका तिथेच असतो. घाम, तेल, मूत्र यांच्याशी बांधलं गेलेलं क्लोरीन नाकाला झोंबतं पण जंतू मारण्यात कमजोर असतं. 'वास येतोय म्हणजे क्लोरीन भरपूर आहे' हा समज उलटा आहे. बांधलेलं क्लोरीन ०.५ पीपीएमच्या वर गेलं की बाराशे लिटरला साधारण २२ ग्रॅम दाणे टाकून मोकळं क्लोरीन १० वर न्या, झाकण उघडं ठेवून पंप चालवा, आणि ५ च्या खाली येईपर्यंत कुणाला उतरू देऊ नका.

खोक्यातल्या स्ट्रिपा रोजच्या नजरेला ठीक आहेत. ओल्या हाताने डबी उघडली, किंवा डबी मे महिन्यात टबाशेजारी उन्हात राहिली, की त्या खोटं बोलू लागतात. स्वतंत्र पैसे खर्च करायचेच असतील तर थेंबांच्या एफएएस-डीपीडी किटवर करा. दहा मिली पाणी घ्या, पूड टाका, पाणी गुलाबी होतं. मग एकेक थेंब टाकत ढवळा. गुलाबी रंग जाऊन पाणी एका थेंबात लख्ख होतं, तिथे थांबा. प्रत्येक थेंब अर्धा पीपीएम. आठ थेंब म्हणजे ४. रंग ताडून बघायची गरज नाही, चष्मा नसलेल्या रखवालदारालाही जमतं. साध्या रंग जुळवायच्या डीपीडी किटमध्ये एक फसगत आहे: क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंगच उडतो आणि शून्य वाटतं. माणूस आणखी दाणे टाकतो. शंका आली तर टबाचं पाणी क्लोरीन नसलेल्या पाण्यात निम्मं करून पुन्हा तपासा.

पहिल्या भरणीबद्दल खोक्यातली पुस्तिका सहसा काही सांगत नाही. कारखान्यात टब पाणी भरून तपासतात. त्यातलं थोडं नळ्यांत राहतं आणि महिनोन्महिने गोदामात साचून बुळबुळीत थर धरतं. म्हणून पहिलं पाणी फक्त धुण्यासाठी. भरा, क्लोरीन १० पीपीएमवर न्या, सगळे जेट अर्धा तास चालवा, वर तरंगणारा मळ काढा, पाणी सोडून द्या. मगच खरी भरणी. हा थर साधा नाही. अंगावर पुरळ उठवणारा स्यूडोमोनास आणि फुप्फुसात जाणारा लेजिओनेला त्यात सुखाने राहतात. लेजिओनेला २५ ते ४५ अंशांत वाढतो, आणि टब चालतो ४० पर्यंत. १९९९ साली नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात नुसते दाखवायला चालू ठेवलेले टब लेजिओनेलाच्या मोठ्या साथीचं मूळ ठरले. जवळून चालत गेलेल्यांच्या श्वासात ते तुषार गेले, आणि तीसच्या आसपास माणसं दगावली.

आपल्याकडे लाइन जाते, हेही धरून चाला. पंप थांबला की पाणी कोमट राहतं, फिरत नाही, क्लोरीन उतरतं. लाइन चार-सहा तासांनी आली तर तपासल्याशिवाय पाहुणे बसवू नका. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर असतो तेव्हा बंद झाकणाखाली पाणी हीटरशिवायच ४० ओलांडतं. टब सावलीत घ्या, संध्याकाळी झाकण उघडा. फिल्टर आठवड्याला पाइपाने धुवायचा, धुळीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दोनदा.

फेस मारणारं औषध दिसायला गुणी, पण कारण झाकतं. फेस केसांच्या तेलाने आणि कपड्यांत राहिलेल्या साबणाने येतो. टबात उतरण्याआधी साध्या पाण्याने आंघोळ आणि स्वच्छ पाण्यात पिळलेले कपडे, एवढं केलं तर बाटली वर्षभर पुरते.

साठवणीबद्दल खोक्यावर बारीक अक्षरात 'थंड, कोरड्या जागी' असं असतं. शेतावर ती जागा म्हणजे नेमकी खताची खोली. दाणे तिथे ठेवू नका. युरिया किंवा अमोनियाचं कुठलंही खत आणि क्लोरीनचे दाणे ओलीत एकत्र आले तर स्फोटक पदार्थ तयार होतो. डिझेल, कीटकनाशक, ॲसिडची बाटली, कुणाच्याच शेजारी नको. घट्ट झाकणाचा मूळ डबा, वेगळं कुलपाचं कपाट, आणि आत कोरडा चमचा.

जुनं पाणी बदलताना दोन दिवस दाणे टाकू नका, झाकण उघडं ठेवा, स्ट्रिपवर क्लोरीन शून्य आलं की मग सोडा. तरी विहिरीच्या काठाने नको, आणि संत्र्याच्या कलमांना तर नकोच; पाण्यात क्षार आणि सल्फेट साठलेलं असतं, संत्रा ते सहन करत नाही. धुऱ्यावरच्या बाभळीकडे वळवा.