कानातली शिट्टी घालवणारं यंत्र: ४० सेकंदांत असं फसवतात

कानात वाजणारी शिट्टी, म्हणजे कर्णनाद, मुळापासून घालवतो म्हणून एक संच माझ्या गळ्यात मारला. १ यंत्र, थेंबांच्या ३ बाटल्या, १८० कॅप्सूल. पैसे ६ समान हप्त्यांत. पाच गेले, सहावा मी बँकेत जाऊन थांबवला. शिट्टी जिथल्या तिथे.

"शेवटचे ७ संच उरलेत", पांढरा कोट घातलेला 'तज्ज्ञ', दर तासाला फोन, ही सगळी नाटकं तुम्हाला ठाऊक आहेत. मलाही होती. मी फसलो ते प्रात्यक्षिकाला.

हेडफोन लावले. मिनिटभर मोठी खरखर, रेडिओचं स्टेशन लागत नसताना येते तशी. मग एकदम बंद. "आता ऐका." शिट्टी नव्हती! मग ती हळूहळू वर आली आणि ४० सेकंदांत पूर्ववत झाली. "एका मिनिटात एवढा फरक, तर ९० दिवसांत बघा!" इथेच उठून जायला हवं होतं. शिट्टीच्या सुराच्या आसपासचा पुरेसा मोठा आवाज ऐकवून थांबवला की बऱ्याच जणांची शिट्टी काही सेकंद, बहुधा मिनिटभरापर्यंत, दबते. याला 'रेसिड्युअल इनहिबिशन' म्हणतात. तो उपचार नाही, आणि त्यासाठी त्यांचं यंत्रही लागत नाही, कुठलीही खरखर चालते. घड्याळ बघून ते ४० सेकंद मीच मोजले होते. मोजले आणि तरीही सही केली.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो. त्याआधी कानाच्या डॉक्टरांनी चार मिनिटांत "इलाज नाही, सवय करून घ्या" म्हणून बाहेर काढलं होतं. वाक्य खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने शिट्टीचा त्रासही बऱ्याचदा घटतो, झोप आणि धास्तीसाठी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) आहे, रात्री पंख्यासारखा हलका आवाज चालू ठेवायचा असतो. हे तेव्हाच सांगितलं असतं तर? दुसरं म्हणजे शिट्टी कमी-जास्त होतच असते. त्रास शिगेला पोचला की माणूस खरेदी करतो, पुढे तो आपसूक थोडा उतरतो आणि श्रेय बाटलीला जातं. पहिले २ हप्ते मी त्याच आनंदात भरले.

थेंब कानाच्या पडद्याअलीकडेच राहतात. बिघाड बहुतेकदा आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींचा असतो, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पडद्याला भोक असेल तर मात्र असले थेंब आत जाऊन उलट इजा करू शकतात. तपासल्याशिवाय काहीही घालू नका. कॅप्सूलमध्ये जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंक. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगून ठेवलंय की या दोन्ही गोष्टी कर्णनादासाठी सुचवू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जिंकोपासून लांबच राहा.

करारातली अट वाचा: पैसे परत मागायची मुदत ६० दिवस, पण ९० दिवसांचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय मागता येत नाहीत!

मग तक्रारी. पोलीस म्हणाले, "ओटीपी चोरला का कुणी? नाही ना? मग पैसे तुम्हीच दिलेत." औषध खातेवाले म्हणाले, बाटलीवर 'पूरक आहार' लिहिलंय, आमच्याकडे येत नाही. आहार खातेवाले म्हणाले, कानात घालतात तो आहार कसा? यंत्रावर 'वेलनेस' असं छापलेलं, म्हणून ते वैद्यकीय उपकरणच नाही. चार टेबलं, चार अर्ज, प्रत्येक ठिकाणी झेरॉक्सचा नवा संच. ग्राहक तक्रार केली तर ती त्याच कंपनीकडे गेली, कंपनीने 'निराकरण झाले' असा शेरा मारला आणि मला न विचारता प्रकरण बंद. अर्ज कुणी वाचला तरी होता का?

मोबाईलवर तीन टुंग-टुंग ऐकवून 'श्रवणचाचणी' झाली म्हणणाऱ्याला हाकला. खरी चाचणी आवाजबंद खोलीत, प्रत्येक कानाची वेगळी, साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत होते आणि आलेख हातात मिळतो. शिट्टी एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर आधी तपासणी. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टिरॉइडचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितका जास्त. असला संच वापरत ते दिवस घालवले तर गेलेलं ऐकणं परत येईलच असं नाही. आणि कानाला सोसेल अशा आवाजाचा हिशोब: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. कापसाचे बोळे यात काही कामाचे नाहीत. दिवसभर बुचं घालून बसू नका, शांततेत शिट्टी जास्तच ऐकू येते.

पैसे आले नाहीत. सहाव्या हप्त्याच्या वसुलीचे फोन मात्र रोज येतात, आणि तेही त्याच कानाला लावून ऐकावे लागतात.