थंड पॅडने उघडलेला डोळा आणि ३६ सिटिंगची पावती

डोळे तपासणं हेच ज्यांचं रोजचं काम, त्यांच्याच घरात हे घडलं. लिहायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर तो थेरपीवाला उद्या आणखी कुणाला तरी आरसा दाखवेल.

आत्याने घेतलेली, विनाऑपरेशन पापणी उचलण्याची थेरपी. ३६ सिटिंग, सगळे पैसे आगाऊ. झाल्या २२. वर थेंबांच्या ४ बाटल्या, मॅग्नेशियमच्या गोळ्यांचे ३ डबे आणि एक चष्मा. ११ आठवडे गेले, परतावा शून्य. पहिली तपासणी फुकट, आधीचे-नंतरचे फोटो, ‘आजच ठरवलंत तर सवलत’... ही रीत सगळ्यांना पाठ आहे, ती उगाळत नाही. जळफळाट होतो तो एका व्हिडिओमुळे.

आत्याची डावी पापणी दुपारनंतर खाली यायची. पहिल्या सिटिंगचा व्हिडिओ तिने कौतुकाने पाठवला. संध्याकाळची वेळ, पापणी बाहुलीच्या मध्यावर आलेली. तो माणूस ५० वेळा उघडझाप करायला लावतो. तिसाव्या उघडझापीनंतर पापणी आणखी खाली जाते, साफ दिसतं. मग डोळे मिटवून त्यावर फ्रीजरमधलं जेल पॅड ठेवतो. पॅड काढतो आणि म्हणतो, “काकू, आता बघा आरशात.” पापणी वर! निदान ३ मिलिमीटर. आम्ही तो व्हिडिओ पाहिला आणि उत्तरादाखल अंगठा पाठवला.

अहो, ती आइस टेस्ट होती. मिटलेल्या पापणीवर २ मिनिटं बर्फ ठेवायचा, आधी आणि लगेच नंतर पट्टीने मोजायचं. पापणी २ मिलिमीटर किंवा जास्त उचलली गेली तर मायस्थेनिया ग्रेव्हिसचा दाट संशय. या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथे हल्ला करतात. नसेतून स्नायूला हुकूम देणारं ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, पण ते झेलणारे रिसेप्टर कमी पडतात आणि स्नायू लवकर थकतो. थंडीने ॲसिटिलकोलीन तोडणारं विकर (एन्झाइम) मंदावतं आणि डोळे मिटल्याने विश्रांतीही मिळते, म्हणून पापणी थोडा वेळ उघडते. थोडाच वेळ, पण पावती फाडायला तेवढा पुरतो. आजाराचं लक्षणच त्याने उपचाराचा गुण म्हणून विकलं. आणि उघडझापीने पापणी थकत जाणं ही तर त्याच आजाराची दुसरी खूण, तीही त्याच व्हिडिओत.

आमच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की उतारवयात पापणी पडण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे ती उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा सैल होणं. आम्ही तेच गृहीत धरलं. पण त्यात पापणीवरची घडी उंच सरकलेली असते आणि पापणी खालून वर अजूनही १२ मिलिमीटर किंवा जास्त हलते. मुख्य म्हणजे ती सकाळी जवळजवळ नीट आणि रात्री अर्धी बंद, असा खेळ करत नाही. एकाची दोन तर कधीच दाखवत नाही. आत्या म्हणाली होती, जिना उतरताना पायऱ्या दोन दिसतात. त्यावर त्याने प्रिझमचा, म्हणजे दोन प्रतिमा जुळवणारा, चष्मा गळ्यात मारला. मायस्थेनियात डोळ्याचा तिरपेपणा दिवसभरात बदलतो. सकाळी बसलेला प्रिझमचा नंबर संध्याकाळी निरुपयोगी. तिने चष्म्याबद्दल तक्रार केली तर “सवय होईल” हे उत्तर.

बाहुली मात्र आधी बघा, बाकी सगळं नंतर. मायस्थेनिया बाहुलीला हात लावत नाही. पापणी पडली, त्याच बाजूची बाहुली मोठी झाली, डोळा बाहेर आणि खाली वळला, डोकं दुखतंय, तर डोळा आणि पापणी हलवणारी तिसरी मेंदूनस दाबली जात असू शकते. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. त्याच तासाला इस्पितळ, उद्याची अपॉइंटमेंट नाही. उलट पापणी १-२ मिलिमीटरच खाली आणि बाहुली लहान, अंधारात दोन्ही बाहुल्यांतला फरक वाढतो, हे हॉर्नर सिंड्रोम, म्हणजे डोळ्याकडे जाणाऱ्या एका नसेच्या वाटेत बिघाड. सोबत मान दुखत असेल तर मानेतली कॅरोटिड धमनी आतून फाटलेली असू शकते, तेही त्याच दिवशी. त्या माणसाने ११ आठवड्यांत आत्याच्या बाहुलीवर एकदाही टॉर्च मारला नाही!

मोजमापाला महागडं यंत्र लागत नाही. समोरून टॉर्च धरा. बुबुळावर उजेडाचा ठिपका पडतो, तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतात. मग वर धरलेल्या बोटाकडे १-२ मिनिटं बघायला सांगा आणि पापणी थकून घसरते का पाहा. भुवई उचलायची नाही, कपाळ अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर कपाळाचा स्नायू चोरून मदत करतो. (‘नंतरच्या’ फोटोंत कपाळावर आठ्या आहेत का बघा. हमखास सापडतील.) आता १५ सेकंद खाली बघून एकदम समोर. पापणी जास्त वर उडून परत घसरली तर ती कोगनची खूण, मायस्थेनियाकडेच बोट दाखवणारी. पडलेली पापणी बोटाने उचला. दुसरी खाली आली तर तो ‘चांगला’ डोळाही चांगला नाही, दोघांना एकच हुकूम जात असल्यामुळे तो आतापर्यंत जोर लावून उघडा होता.

दोन दिसत असतील तर आळीपाळीने एकेक डोळा झाका. एक झाकूनही दोन दिसतात तर दोष उघड्या डोळ्याच्या आत. कुठलाही झाकल्यावर जातं तर डोळ्यांची जुळणी बिघडली आहे, आणि त्यावर व्यायाम विकणाऱ्याला आधी निदान काय ते विचारा. आडवी दोन, लांबचं बघताना जास्त: सहाव्या मेंदूनसेत दोष. वर-खाली दोन, जिना उतरताना जास्त आणि मान एका खांद्याकडे कललेली: चौथीत.

थेंबांच्या बाटलीवर घटक छापलेले नव्हते. तिथेच थांबायला हवं होतं. डोळ्याची लाली घालवणारी काही औषधं पापणीतल्या म्युलरच्या छोट्या स्नायूला चिमटा काढतात आणि पापणी एखादा मिलिमीटर उचलतात, कारण काही असो. खरं निदान झाकलं जातं, बस. मॅग्नेशियम तर उफराटंच. ते नसेतून ॲसिटिलकोलीन सुटणं कमी करतं. शिरेतून दिलं तर मायस्थेनियात धोका मोठा, गोळ्याही न विचारता नकोत. काही अँटिबायोटिक्स आणि काचबिंदूचे टिमोलोलचे थेंबही आजार वाढवू शकतात.

त्या थेरपीवाल्याच्या पत्रकात डोळा फडफडण्यावरही ‘कोर्स’ होता. खालची पापणी थोडी थरथरते ती बहुधा जागरणाची, आपोआप जाते. दोन्ही डोळे गच्च मिटले जातात त्यावर स्नायू सैल करणारं बोटुलिनम इंजेक्शन, सुमारे ३ महिने टिकतं. अर्धा चेहराच ओढला जातो, झोपेतही, तर मेंदूतज्ज्ञ गाठा.

निदान मायस्थेनियाचंच निघालं. नुसत्या डोळ्यांच्या मायस्थेनियात रक्तातली प्रतिपिंडं जवळपास निम्म्या लोकांत सापडतच नाहीत, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’वर सोडू नका, सिंगल फायबर ईएमजी या स्नायूंच्या विद्युत तपासणीबद्दल विचारा. छातीतल्या थायमस या प्रतिकारशक्तीच्या ग्रंथीसाठी छातीचा सीटी हवाच. आजार डोळ्यांपलीकडे पसरायचा तर बहुतेकदा पहिल्या २ वर्षांत पसरतो. गिळताना ठसका, नाकातून आवाज, धाप लागली की थेट इस्पितळ.

आणि तक्रार? वैद्यकीय परिषद म्हणाली, तो नोंदणीकृत डॉक्टर नाही, म्हणजे आमच्या कक्षेत नाही. म्हणजे पदवी नसली की सूट! पोलीस म्हणाले, पैसे स्वखुशीने दिलेत, हा दिवाणी मामला. ग्राहक कक्षात पावती दाखवली, तर तीवर ‘वेलनेस सेवा’ लिहिलेलं, उपचार हा शब्दच नाही. तीन खेपा, प्रत्येक वेळी वेगळा टेबल, वेगळी झेरॉक्स. चौथ्या खेपेला एका साहेबांनी व्हिडिओ मागितला. आशा वाटली. त्यांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, “पण पापणी तर उचललेली दिसतेय.”

उरलेल्या १४ सिटिंग घरातल्या दुसऱ्या कुणालाही वापरता येतील, असा निरोप त्या थेरपीवाल्याकडून परवाच आला.