क्वार्टर सेक्शन कोणाच्या नावावर? १९१२ साली स्कॉटलंडहून प्रेअरीकडे निघणाऱ्या स्त्रीपुढचे दोन रस्ते

१९१२ चा उन्हाळा आहे आणि अ‍ॅबर्डीनशायरमधल्या एका शेतावर कामाला असलेल्या पंचविशीच्या मुलीला कॅनडाच्या प्रेअरीवरच्या, म्हणजे सपाट गवताळ मुलुखातल्या, सस्कॅचेवान प्रांतातून पत्र आले आहे, असे धरून चालू. दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या वाग्दत्त वराने १६० एकरांचा एक तुकडा, म्हणजे तिकडच्या भाषेत एक क्वार्टर सेक्शन, आपल्या नावे नोंदवला आहे आणि तो तिला लग्नासाठी बोलावतो आहे. दुसरीकडे, एकट्या स्त्रीलाही स्वतःच्या नावाने सरकारी जमीन मिळवता येते असे तिने अमेरिकेतल्या मोंटाना राज्याविषयी ऐकले आहे. ही मुलगी कोणी एक विशिष्ट व्यक्ती नाही, परंतु अशा निर्णयापुढे त्या काळी अनेकजणी उभ्या होत्या. तिच्या जागी बसून दोन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या आढाव्याचा हेतू आहे.

आधी ती काय सोडून निघते आहे ते पाहिले पाहिजे. ईशान्य स्कॉटलंडमध्ये शेतावरच्या अविवाहित नोकरांची बोली सहा महिन्यांची असे, आणि मे व नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या मजुरांच्या बाजारात उभे राहून पुढची सहामाही ठरवावी लागे. आग्नेयेकडच्या परगण्यांत नांगऱ्याला काम देतानाच त्याने सोबत शेतात राबणारी एक बाई पुरवावी, अशी अट घालण्याची जुनी रीत होती. किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या मुली हेरिंग माशांच्या हंगामात पार इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या यार्मथपर्यंत जात. तिघींची एक टोळी असे. दोघी मासे साफ करीत आणि तिसरी पिंपात मिठाचे थर देत मासे रचत जाई. पहाटे कामावर जाण्याआधी त्या प्रत्येक बोटाला कापडाची चिंधी गुंडाळून दोऱ्याने बांधून घेत, कारण सुरीच्या बारीक कापांत मीठ शिरले की ती जखम हंगामभर भरत नसे. एवढ्या कष्टांनंतरही स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन मिळण्याची आशा यांपैकी एकीलाही नव्हती. म्हणूनच ‘१६० एकर’ हा आकडा ऐकून तिचे मन हलले तर त्यात नवल वाटू नये.

प्रवासाच्या बाबतीत दोन्ही रस्त्यांत फारसा फरक नाही. ग्लासगोहून क्वेबेक किंवा न्यूयॉर्कपर्यंत तिसऱ्या वर्गाने साधारण आठ-दहा दिवस आणि त्यानंतर लाकडी बाकांच्या आगगाडीत आणखी काही दिवस, एवढे दोन्हीकडे धरावेच लागते.

खरा फरक कायद्यात आहे, आणि माझ्या मते निर्णयाचे सारे वजन तिथेच पडते. कॅनडाच्या १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्यानुसार दहा डॉलर भरून १६० एकर नोंदवता येत. तीन वर्षे, दरवर्षी किमान सहा महिने तिथे राहून, घर बांधून आणि सुमारे तीस एकर जमीन फोडून दाखवली की मालकीपत्र मिळे. परंतु १८७६ पासून हा हक्क अठरा वर्षांवरच्या पुरुषाला आणि ज्या स्त्रीवर कुटुंबाचा एकटीवर भार आहे तिलाच, म्हणजे बहुधा लहान मुले पदरी असलेल्या विधवेला, उरला. म्हणजे १९१२ मध्ये अविवाहित मुलीला कॅनडात सरकारी होमस्टेड, म्हणजे वसून कसण्याच्या अटीवर मिळणारी अशी जमीन, मिळत नाही. तिला जमीन हवी असेल तर ती विकत घ्यावी लागते. जॉर्जिना बिनी-क्लार्क या इंग्लिश बाईंनी १९०५ मध्ये सस्कॅचेवानमधल्या फोर्ट क्वापेलजवळ ३२० एकरांची शेती पाच हजार डॉलरला घेतली, तेव्हा शेजारच्या कोणाही तरुणाला तशीच १६० एकर जमीन दहा डॉलरला मिळत होती. बिनी-क्लार्क यांनी स्त्रियांनाही होमस्टेड मिळावे म्हणून राजधानी ओटावापर्यंत धडक मारली. स्त्रियांना जमीन दिली तर त्या लग्न करून पुरुषांच्या होमस्टेडवर जाणार नाहीत, अशी सरकारची उघड भीती होती. या एका भीतीतून धोरण पुरते उलगडते: सरकारला प्रेअरीवर स्त्री हवी होती, पण ती कोणाची तरी पत्नी म्हणून.

अमेरिकेचा १८६२ चा कायदा या बाबतीत सरळ आहे. एकवीस वर्षांवरची अविवाहित स्त्री, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली स्त्री स्वतःच्या नावे दावा दाखल करू शकते. ती परदेशी असेल तर नागरिकत्व घेण्याचा इरादा न्यायालयात जाहीर करावा लागतो. १९०९ च्या सुधारणेनंतर मोंटानासारख्या कोरड्या प्रदेशात ३२० एकरांपर्यंत दावा करता येतो, आणि याच १९१२ मध्ये वास्तव्याची मुदत पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आली असून दरवर्षी पाच महिने बाहेर राहण्याची मुभाही मिळाली आहे. ही मुभा तिच्यासाठी फार मोलाची आहे, कारण त्या महिन्यांत गावात शिक्षिका म्हणून किंवा स्वयंपाकघरात नोकरी करून बियाण्याचे आणि नांगरटीचे पैसे उभे करता येतात.

लग्नाच्या रस्त्यावर आणखी एक खड्डा आहे, आणि तो स्कॉटलंडमध्ये बसून दिसत नाही. त्या काळच्या स्कॉटिश कायद्यात विधवेला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेच्या एक-तृतीयांश भागाच्या उत्पन्नावर तहहयात हक्क आणि जंगम मालमत्तेत ठरलेला वाटा असे. नवऱ्याने मृत्युपत्रात काहीही लिहिले तरी तो बुडत नसे. प्रेअरीवर मात्र विधवेचा असा हक्क मॅनिटोबा प्रांतात १८८५ मध्ये आणि वायव्य प्रदेशांत (सस्कॅचेवान व अल्बर्टा तेव्हा त्यांतच मोडत) १८८६ मध्ये रद्द करण्यात आला. म्हणजे १९१२ मध्ये सस्कॅचेवानमध्ये नवरा, तिला न विचारता आणि तिच्या सहीशिवाय, दोघांनी मिळून उभे केलेले शेत विकू शकतो. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर सातबाऱ्यावर नाव त्याचे एकट्याचे, आणि घाम दोघांचा. हा दोष १९१५ पासून सस्कॅचेवानमध्ये आणि १९१७ मध्ये अल्बर्टात काही अंशी दुरुस्त झाला. तरीही अल्बर्टातल्या आयरीन मर्डॉक या रँचवरच्या पत्नीने पंचवीस वर्षांच्या राबण्यावर आधारलेला जमिनीतला वाटा मागितला, तेव्हा १९७३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. इतकी वर्षे हा प्रश्न तसाच राहिला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि ते राबणे थोडेथोडके नव्हते. पहिले घर बहुधा मातीच्या गवताळ ढेपा रचून केलेले किंवा फळ्या ठोकलेले एकखणी असे. हिवाळ्यात पारा उणे चाळीसपर्यंत उतरला की पावाची कणीक रात्री फुगावी म्हणून रजईत गुंडाळून शेगडीजवळ ठेवावी लागे. पाणी बादलीने आणायचे, आणि हिमवादळात गोठ्यापर्यंत जायचे तर घर व गोठा यांच्यामध्ये बांधलेल्या दोराला धरून. नवऱ्याचा गहू वर्षातून एकदाच बाजारात जाई. मधल्या काळात साखर, चहा आणि केरोसीन दुकानातून आणायचे ते बायकोच्या लोण्याच्या आणि अंड्यांच्या बदल्यात. बाळंतपणाला डॉक्टर अनेक मैलांवर असे, म्हणून जवळच्या शेतावर अनुभवी बाई आहे की नाही, ही चौकशी जमिनीच्या पोताइतकीच महत्त्वाची ठरते.

एकटीच्या दाव्यावर कष्ट कमी असतात असे मुळीच नाही. नांगरटीसाठी मजुरी मोजावी लागते आणि रात्री दाराला कडी घालणारे दुसरे कोणी नसते. यावर तिकडच्या बायकांनी एक चांगला उपाय काढला होता: दोन बहिणी किंवा मैत्रिणी शेजारचे दावे घेत आणि आपापली झोपडी सामाईक हद्दीलगत, हाकेच्या अंतरावर बांधत. बहीण किंवा मैत्रीण सोबत येत असेल तर मोंटानाचे पारडे निश्चित जड होते. कोणीच येत नसेल तर मी कोणालाही तिकडे ढकलणार नाही.

पिकाच्या दृष्टीने उत्तरेची बाजू सरस आहे. सस्कॅचेवानमध्ये मार्क्विस जातीचा गहू आता पसरतो आहे. तो जुन्या रेड फाइफपेक्षा काही दिवस आधी पिकतो, त्यामुळे थंडीच्या पहिल्या तडाख्यातून वाचतो. (रेड फाइफ हे नाव ओंटारिओतल्या डेव्हिड फाइफ या स्कॉटिश शेतकऱ्याचे, आणि त्याने पेरलेले बी १८४२ च्या सुमारास ग्लासगोहूनच आले होते.) पण सस्कॅचेवान सगळा एकसारखा नाही. क्वापेल नदीच्या आसपासचा आणि त्याच्या उत्तरेचा झाडीचा पट्टा वेगळा, आणि नैर्ऋत्येचा कोरडा भाग वेगळा. या दुसऱ्या भागाला पॅलिसर यांच्या पाहणी मोहिमेने १८६० च्या आसपासच शेतीला अयोग्य ठरवले होते. पूर्व मोंटाना या कोरड्या पट्ट्याचाच शेजारी आहे. तिथे सध्या पाऊस बरा पडतो आहे, परंतु १९१७ पासून दुष्काळ लागला आणि हजारो दावेदार जमीन टाकून गेले, हे आज आपल्याला ठाऊक आहे. १९१२ मध्ये निर्णय घेणाऱ्या मुलीला ते ठाऊक असणे शक्य नाही.

दोन्हीकडची ही जमीन ‘मोकळी’ म्हणून वाटली गेली, तशी ती नव्हती. फोर्ट क्वापेलला १८७४ मध्ये क्री आणि सॉल्टो या मूळ रहिवाशांशी सरकारने केलेल्या चौथ्या करारानंतरच तिची मोजणी होऊन चौकोन पडले. वायोमिंग, मोंटाना आणि डकोटाकडेही मूळ रहिवाशांना राखीव भूभागांत कोंबूनच दावे खुले झाले. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधून ज्यांच्या आजी-आजोबांना जमीनदारांनी मेंढ्यांसाठी हुसकावले होते, त्यांच्या नातींनी हे जाणून तिथे पाऊल टाकावे, एवढे तरी मी म्हणेन.

माझा कौल असा आहे. माणूस ओळखीचा, भरवशाचा असेल आणि जमीन झाडीच्या पट्ट्यात असेल तर सस्कॅचेवानला जावे, पण तडक लग्नाला नव्हे. घरकामाच्या नोकरीसाठी कॅनडा स्कॉटिश मुलींचे मनापासून स्वागत करतो. म्हणून एक हिवाळा मॅनिटोबातल्या विनिपेग शहरात नोकरी धरावी आणि मध्ये एकदा ती जमीन डोळ्यांनी पाहून यावी. मालकीपत्र मिळण्याआधी होमस्टेडचा हक्क दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा करार कायद्याने चालत नाही, त्यामुळे लग्नाआधीच्या लेखी वचनाला तिथे फारसा आधार नाही. मालकीपत्र हाती आल्यावर अर्धा भाग तिच्या नावे करायला तो तयार आहे का, हे मात्र पत्रातून आधीच स्पष्ट विचारावे. त्याच्या उत्तरातल्या शब्दांपेक्षा उत्तर यायला लागलेला वेळ अधिक सांगून जाईल. आणि त्याच पत्रात क्वार्टर सेक्शनचा क्रमांक, विहिरीची खोली आणि सर्वांत जवळच्या शेजारणीचे अंतर विचारून घ्यावे. परतीच्या तिकिटाचे पैसे स्कॉटलंडमधल्या बँकेत स्वतःच्या नावे ठेवूनच जहाजात चढावे.