सिंहजबडा की टोकदार क्लॅम्प?
मोडलेलं हाड स्क्रू बसेपर्यंत जागेवर धरायचं कशाने? हाडांच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये हाड पकडायचे हे दोन चिमटे शेजारीशेजारी असतात, पण स्वभाव अगदी वेगळे.

लायन जॉ, म्हणजेच सिंहजबडा, हा जुना गडी. एकोणिसाव्या शतकातले स्कॉटिश सर्जन विल्यम फर्ग्युसन यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो (पुण्याच्या कॉलेजचे फर्ग्युसन वेगळे). जबड्यात जाड दात, मुठी लांब. मांडीचं हाड भोवतालचे स्नायू खेचत असतात, तेव्हा ते ओढून आणायला हाच लागतो. पण एवढा जबडा हाडाभोवती घालायचा तर जागा करावी लागते, आणि तिथे पेरिऑस्टियम सोलवटतं. हाडावरची ही पातळ साय हाडाला रक्त पुरवते. ती गेली की हाड जुळायला वेळ लागतो.

टोकदार रिडक्शन (तुकडे पुन्हा जागेवर बसवणं) क्लॅम्पची पकड फक्त दोन सुयांएवढ्या टोकांवर. नडगीचं पिळवटून मोडलेलं हाड घ्या. एक टोक या तुकड्यावर, दुसरं त्या तुकड्यावर, भेगेला काटकोनात. मग मुठीजवळचा दात एकेक ‘कट्’ करत पुढे सरकतो आणि भेग मिटते. काटकोन चुकला तर मात्र तुकडे एकमेकांवरून घसरतात.

तिरक्या, पिळवटलेल्या मोडीला मी डोळे झाकून टोकदारच मागेन. म्हातारपणी ठिसूळ झालेल्या हाडात मात्र तीच टोकं आत रुततात, कधी नवी चीर पाडतात. तिथे हात आवरता घ्यावा.