जपानी सुरू करायचंय, पण गेंकी घेऊ की मिन्ना नो निहोंगो?

जपानी शिकायचं ठरलं की पहिले काही दिवस जपानी शिकण्यात जातच नाहीत, कुठलं पुस्तक, कुठलं ॲप, क्लास लावू की घरीच बसू यातच जातात, माझा तर अख्खा महिना गेला. म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय. गेंकी आणि मिन्ना नो निहोंगो (पुढे नुसतं मिन्ना) ही दोन्ही पाठ्यपुस्तकं वापरलीत, एक पूर्ण झालं, एक अर्धवट राहिलं (आळस माझाच).

पुस्तक कुठलंही घ्या, हिरागाना ही जपानीची पहिली लिपी आधी लागणारच. मूळ अक्षरं ४६, दुसरी लिपी काताकाना, तिची तितकीच. आणि घाबरू नका, क्रम बघा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम ही भारतातली लिपी जपानला गेली, त्या अभ्यासातून हा क्रम आलाय, म्हणजे क च ट त प चाच भाऊ. प च्या जागी 'हा' हे अक्षर का बसलंय तर जुन्या जपानीत त्याचा उच्चार प होता. मला हे कळलं तेव्हा तक्ता दोन दिवसांत पाठ झाला.

आता गेंकी. हे १९९९ ला आलं, तिसरी आवृत्ती २०२० ची, दोन भागांत मिळून २३ धडे आणि ३१७ कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं). समजावणं सगळं इंग्रजीत, पण सविस्तर, हे असं का आणि तसं का नाही ते सांगतं. गोष्ट कॉलेजमधल्या पोरांची आहे, त्यामुळे संवाद हलकेफुलके. एकट्याने शिकणाऱ्याला एकच खटकेल, बरेच सराव जोडीदाराबरोबर करायचे आहेत, मग आपणच प्रश्न विचारायचा आणि आपणच उत्तर द्यायचं.

मिन्ना १९९८ चं, सुरुवातीच्या दोन भागांत ५० धडे. मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत, भाषांतर आणि व्याकरणाचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं, म्हणजे खर्चही दोनदा आणि टेबलावर दोन पुस्तकं उघडी ठेवून मान इकडून तिकडे. पात्रं ऑफिसवाली. हे मुळात शिक्षक समोर उभे आहेत असं धरून केलेलं पुस्तक आहे. पण त्याचे रेनश्यू म्हणजे सराव, त्याला तोड नाही, एकच वाक्यरचना इतक्या वेळा घोटून घेतात की नंतर तोंडातून आपोआप बाहेर पडते. गेंकीत हा दम जरा कमी.

वेगातही फरक आहे. ते-फॉर्म (क्रियापदाचं एक रूप, ज्याच्याशिवाय 'करून', 'करतोय', 'कर ना' काहीच म्हणता येत नाही) गेंकीत ६व्या धड्यात येतो, मिन्नात १४व्या. तोपर्यंत मिन्नात नुसतं इकिमास, ताबेमास, नोमिमास (जातो, खातो, पितो). कुणाला हे कंटाळवाणं वाटेल, कुणाला पाया पक्का वाटेल.

पण एक गोष्ट तुलना करताना कुणी सांगत नाही. दोन्हीकडचं व्याकरण आपल्यापर्यंत इंग्रजीतून येतं आणि इंग्रजीवाल्यांना जे अवघड तेच ताणून सांगितलेलं असतं. क्रियापद शेवटी येतं यात आपल्याला काय नवीन? 'बास दे तोक्यो नि इकिमास', बसने टोक्योला जातो, दे म्हणजे ने, नि म्हणजे ला, झालं. कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत. प्रश्नाला शेवटी 'का' लावायचं, इकिमास का, जाता का! आणि शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'ना'. त्सु म्हणायला इंग्रजीवाले धडपडतात, आपण चूल म्हणतो त्यातलाच तो च. ही पानं सरळ पळवा.

जिथे मराठी कामाला येत नाही तिथे मात्र थांबा. वा आणि गा या दोन प्रत्ययांतला फरक, वस्तू-झाडांना आरिमास पण माणसं-प्राण्यांना इमास (आपलं दोघांना 'आहे'च), आणि विशेषणाचा भूतकाळ, ताकाइ म्हणजे महाग, महाग होतं म्हणजे ताकाकात्ता. इथे गेंकीचं समजावणं खरंच कामी येतं.

अजून एक मोह म्हणजे सगळं देवनागरीत लिहून घ्यायचं. रोमाजीपेक्षा (इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं जपानी) बरं वाटतं पण करू नका, ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी, देवनागरीत ती लांबी हमखास सुटते. दोन आठवड्यांत थेट हिरागाना-काताकानावर या.

ॲपचं थोडक्यात. ड्युओलिंगोसारखी ॲप्स अक्षरं ओळखायला ठीक, पुढे नियम का बदलला ते कळत नाही आणि रोजच्या सरावाची साखळी तुटू नये म्हणून आपण सोपेच धडे करत बसतो. आंकी (शब्दांची कार्डं पुन्हा पुन्हा दाखवणारं ॲप) हा पुस्तकाला पर्याय नाही, सोबती आहे, धड्यातले शब्द त्यात टाका. पैसे घालायचेच नसतील तर जपान फाउंडेशनचं इरोदोरी फुकट उतरवता येतं, ऑडिओसकट, पण ते जपानमध्ये राहायला जाणाऱ्यांसाठी बनवलंय, व्याकरणापेक्षा रोजच्या कामांवर भर.

तर माझं मत. क्लास लावणार असाल तर ठरवायचं काही उरतच नाही, तिथे बहुतेक वेळा यातलंच एखादं असतं, बोलायची सवय लागते हा मोठा फायदा. एकटे असाल तर गेंकी, डोळे झाकून. मिन्ना हाताशी असेल तर फक्त रेनश्यूसाठी वापरा, मी ते-फॉर्म शेवटी असाच केला, समजून गेंकीत घेतला आणि घोटला मिन्नात.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, एन-५, द्यायची असेल तर दोन्हीपैकी कुठल्याही पुस्तकाचा पहिला भाग साधारण पुरतो. १८० पैकी ८० लागतात, आणि ऐकण्यात वेगळे ६० पैकी १९ हवेतच, म्हणून ऑडिओ पहिल्या धड्यापासून लावा. परीक्षेत बोलायचं नसतं, लिहायचंही नसतं, नुसते पर्याय निवडायचे, त्यामुळे एन-५ पास झालेला माणूस जपान्यासमोर मुका उभा राहू शकतो. मी राहिलेय.