कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: करणी दाखवतो, पायऱ्या तुम्हालाच लिहायच्या

नववी-दहावीच्या त्रिकोणमितीत मुलं साइन-कोसाइनपाशी कमी आणि कर्णाच्या वर्गमुळापाशी जास्त अडतात. ताळा करायला हा कॅल्क्युलेटर फार चांगला आहे, कारण तो उत्तर करणीत, म्हणजे ४√५ सारख्या मुळाच्या रूपात दाखवतो.

आपल्याकडच्या कौलारू छपराचंच उदाहरण घ्या. आडवं अंतर ८ फूट, उंची ४ फूट. वासा म्हणजे कर्ण, √(६४ + १६) = √८०. ८० मधला सर्वांत मोठा पूर्ण वर्ग अवयव १६, म्हणून ४√५. पुष्कळ मुलं २√२० वर थांबतात. त्या २० मध्ये अजून ४ शिल्लक असतो. काही जण सरळ ८ + ४ = १२ लिहितात, पण कर्ण दोन भुजांच्या बेरजेइतका कधीच नसतो.

उताराच्या कोनाचा साइन ४/(४√५), म्हणजे १/√५. यंत्र मात्र √५/५ दाखवतं, कारण ते छेदाचं परिमेयीकरण करूनच, म्हणजे छेदातलं मूळ घालवूनच उत्तर देतं. वहीत १/√५ आणि पडद्यावर √५/५ दिसलं की मुलं बरोबर आलेलं उत्तर खोडतात. खोडू नका, अंश-छेदाला √५ ने गुणून बघा. सुताराला लांबी दशांशात हवी असते. ४√५ वर एस-डी बटण दाबा, ८.९४ फूट येतं.

खरी गफलत बाणाच्या बटणाची. √८० नंतर उजवा बाण न दाबता भागिले ८ केलं, तर ८ मुळाच्या आत जातो आणि √५/२ ऐवजी √१० येतं. दुसरी गफलत कोनाच्या एककाची: पडद्यावर वर 'डी' (अंश) हवा. 'आर' (रेडियन) असेल तर साइन ३० चं उत्तर ऋण येतं. शिफ्ट, मोड, ३ दाबा.

मर्यादाही आहे. ३५√२ × ३ केलं तर १०५√२ दिसत नाही, १४८.४९२४२४ दिसतं, करणीचा सहगुणक, म्हणजे मुळाबाहेरची संख्या, शंभराच्या आत असावा लागतो. साइन, कोसाइन, टॅनची करणीही १५ अंशांच्या पटीतल्या कोनांनाच मिळते.

सोलर पट्टीच्या जोडीला एलआर४४ सेल आहे, त्यामुळे जुलैच्या अंधारलेल्या दुपारीही बंद पडत नाही.

दहावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा आधी वहीत सोडवा, मग ताळा करा. तेवढ्यासाठी कॅसिओचाच स्वस्तातला ८२ईएस प्लस पुरतो, करणी तोही दाखवतो. ८२एमएस घेऊ नका, तो वर्गमुळाचं उत्तर फक्त दशांशात देतो. पुढे डिप्लोमाला जाणार असाल तर ९९१च घ्या.