काळा घोडा हेरिटेज वॉक: माइक नव्हता पण पैसे वसूल

रविवारी सकाळी मी, नवरा आणि आई असे तिघं मुंबईत फोर्टमधल्या एका हेरिटेज वॉकला गेलो. कोणाचा ते नाव लिहीत नाही, कारण गाईड पोरगी एकदम भारी होती, बोंब होती ती आयोजनाची. १५ जण असतील म्हणाले आणि निघाले ३०, माइक नाही, वर बसचे हॉर्न, मागच्यांना काडीचं ऐकू येत नव्हतं.

पण पहिलाच स्टॉप बघा. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. इतकी वर्षं समोरून जातेय, मला ती पडायला आलेली कुठलीतरी चाळच वाटायची! तर अख्खा सांगाडा बिडाचा, इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने आणला आणि १८६० च्या दशकात इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली ती इथेच. आई म्हणाली, "पिक्चरचं बारसं झालं ते घर हे, आणि ही दशा?" २००५ मध्ये थोडा भाग कोसळला, जुन्या वास्तू जपणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेच्या २००६ च्या धोक्यातल्या १०० जागांच्या यादीत नाव आलं, २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या, २०१९ ला भाडेकरूंना बाहेर काढलं. याद्यांवर याद्या, पण डागडुजीच्या नावाने शंख.

मग डेव्हिड ससून लायब्ररी बाहेरूनच, घाईत. आणि तिथून पाच मिनिटांवर केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं. आमच्या आठवणीतलं ते आकाशी निळं, आता पांढरं आणि गडद निळं झालंय, रंगाचे थर खरवडून मूळ रंग शोधला म्हणे. आतल्या रंगीत काचांसाठी तरी जाच (ओळखपत्र न्या, सिक्युरिटी कडक आहे). इथेही वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड होताच, पण सोबत ट्रस्ट होता, देणगीदार होते, काम २०१९ ला पूर्ण झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचं अवॉर्डही मिळालं. तिकडे वॉटसनला मालक, पागडीवाले भाडेकरू, कोर्ट. मला तर वाटतं यादीत नाव येणं म्हणजे नुसती पत्रिका छापणं झालं, लग्नाचा खर्च कोणीतरी करायला लागतोच ना.

४ स्टार, एक माइकचा कापला. वॉक सिनेगॉगपाशी संपतो, आम्ही मात्र उलटे वॉटसनपाशी गेलो, आईला ते बिडाचे खांब रस्त्यापलीकडून निवांत बघायचे होते.